आपला वेताळ काढणारा हात: साय बॅरी

रानवाटा (धागाकर्ता)

वेताळ, म्हणजे कॉमिक्समधला मुखवटेवाला फँटम, म्हटलं की त्याच्या निर्मात्याचं, ली फॉकचं नाव निघतं, आणि ते निघायलाच हवं. १७ फेब्रुवारी १९३६ ला पहिली चित्रपट्टी छापून आली, तेव्हापासून १९९९ मध्ये जाईपर्यंत तो माणूस वेताळाच्या गोष्टी लिहीत राहिला. पण माझ्या डोळ्यांपुढे जो वेताळ उभा राहतो तो साय बॅरीच्या हातचा. त्याच्याबद्दल मराठीत कोणी मनापासून लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. पहिला चित्रकार रे मूर. तो युद्धात गेल्यावर १९४२ पासून त्याचा मदतनीस विल्सन मॅक्कॉय काढू लागला. १९६१ मध्ये मॅक्कॉय वारला, मधले काही दिवस बिल लिग्नांटने सांभाळले आणि त्याच वर्षी काम साय बॅरीकडे आलं. ते थेट १९९४ पर्यंत. आपल्याकडे टाइम्सवाल्यांचं इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये थांबलं. म्हणजे इंद्रजालचं सगळं आयुष्य बॅरीच्या कारकिर्दीत मावतं. जुन्या चित्रकारांच्याही गोष्टी त्यात येत, पण साठ ते नव्वदच्या दरम्यान मराठी, हिंदी किंवा इंग्रजी इंद्रजालवर वाढलेल्या बहुतेकांच्या मनातला वेताळ बॅरीचाच असणार.

बॅरीने काय केलं? त्याने वेताळाला वजन दिलं. घोड्यावरून उडी मारताना त्याच्या खांद्याचा, पाठीचा, मांडीचा स्नायू न् स्नायू खरा वाटतो. त्याचा ठोसा बसतो तेव्हा समोरचा गुंड नुसता पडत नाही, कोलमडतो. जंगलात झाडांची मुळं, वेली, ओल दिसते. शहरात तो मिस्टर वॉकर हे नाव घेऊन उतरला की त्याच्या ओव्हरकोटाच्या घड्या, टोपीची कड, काळा चष्मा, मागच्या गाड्या, विमानतळ, सगळं त्या त्या काळातलं. मॅक्कॉयच्या काळात जग बदलत होतं आणि वेताळाची चौकट मात्र तिथेच होती. बॅरीने खिडकी उघडली.

आणि सावल्या! कवटीच्या गुहेतला तो अंधार. सिंहासनावर बसलेला वेताळ अर्धा काळा, अर्धा उजेडात. ते चौकोन मी आजही रेघ न् रेघ आठवून सांगू शकतो.

इंद्रजालच्या पानांवर त्याचं नाव मला लहानपणी कधी दिसलं नाही. ते कळलं फार पुढे, आणि कळल्यावर एखाद्या नातेवाइकाचा पत्ता लागावा तसा आनंद झाला. तुमचा वेताळ कोणाच्या हातचा? आणि कोणतं चित्र डोक्यातून जात नाही?

---

शाईदौत

काय विषय काढलात! लगेच माळ्यावर चढतो आहे. बाकी सविस्तर खाली उतरल्यावर.

---

पेठेतली_मुक्ता

आमच्या गल्लीतल्या वाचनालयात इंद्रजाल दिवसाच्या भाड्याने मिळायचं. वाचनालयवाले काका चार-पाच अंक एकत्र शिवून जाड पुठ्ठ्यात घालायचे, त्यामुळे एकाच दमात वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि पुन्हा वेताळ. शिवणीत गेलेले शब्द अंदाजाने वाचायचे. शेवटचं पान बहुधा गायब असायचं, मग शेवट काय झाला असेल यावर आम्हा भावंडांत मारामारी. वेताळाला शोभेल अशी!

माझं चित्र सांगते. वेताळ बारमध्ये जाऊन दूध मागतो. सगळे हसतात. पुढच्या चौकटीत हसणारा हवेत. तो हसणारा चेहरा आणि तोच चेहरा हवेत असतानाचा, यातली गंमत चित्रात होती, शब्दांत नव्हतीच. आमच्या आईला वेताळ आवडायचा तो फक्त या दुधामुळे.

---

तिरकी_रेघ

धाग्याचं स्वागत, पण मी विरोधी बाकावर बसणार. माझा वेताळ मॅक्कॉयचा.

बॅरी तांत्रिकदृष्ट्या वरचढ आहे यात वाद नाही. पण मॅक्कॉयच्या साध्या, थोड्या ताठ रेघेत लोककथेची गोडी आहे. तो ओळखीच्या माणसांना उभं करून फोटो काढायचा आणि त्यावरून चित्रं करायचा, म्हणून त्याची माणसं शेजारच्या घरातली वाटतात. चारशे वर्षांची दंतकथा, बांडार जमातीच्या बुटक्या माणसांचे विषारी बाण, कवटीची अंगठी, हे सगळं त्या भोळ्या रेघेत जास्त खरं वाटतं. बॅरीचा वेताळ कधीकधी मला व्यायामशाळेतला वाटतो.

आणि भीती हवी असेल तर रे मूर. त्याच्या छत्तीसच्या पट्ट्या बघा. वेताळ पूर्ण दिसतच नाही, नुसती चाहूल. बॅरीच्या ज्या सावल्यांचं तुम्ही कौतुक करता त्यांचं मूळ तिथे आहे.

---

रानवाटा

@तिरकी_रेघ, मूरबद्दल शंभर टक्के मान्य. पण मूरच्या सावलीत वेताळ लपतो, बॅरीच्या सावलीतून तो बाहेर येतो. लहान मुलाला वेताळ बाहेर आलेला हवा असतो. दार फुटतं आणि तो उभा असतो, ही चौकट बॅरीइतकी कोणी जमवली नाही.

व्यायामशाळेबद्दल मात्र सहमत नाही. बॅरीच्या आकृतीत ओझं कुठे पडलंय ते दिसतं. उभा असला तरी एका पायावर भार असतो. हे फुगवलेल्या दंडांचं काम नव्हे.

---

सोलापुरी_चादर

मला त्या डोळ्यांचं सांगा कोणीतरी. बुबुळं का नाहीत? लहानपणी मी मुखवट्यामागून एकदा तरी बुबुळ दिसेल म्हणून भिंग घेऊन बसायचो.

---

तिरकी_रेघ

@सोलापुरी_चादर, ती कल्पना फॉकची. ग्रीक पुतळ्यांना बुबुळं दिसत नाहीत आणि त्यामुळे ते माणसापलीकडचे वाटतात, असं त्याने सांगितलं होतं. पुढे बॅटमॅनपासून कितीतरी मुखवटेवाल्यांना तसेच पांढरे डोळे आले. तंग पोशाख, मुखवटा आणि बुबुळाविना डोळे हा सगळा संच वेताळाने सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी आणला.

---

मेलबर्नची_मावशी

इथे ऑस्ट्रेलियात फ्रू नावाची कंपनी १९४८ पासून वेताळ छापते आहे. अंकाच्या आतली पानं मी बहुतेक काळी-पांढरीच पाहिली. पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा वाटलं, रंग कुठे गेले? मग शांतपणे बघितलं आणि रानवाटा म्हणतात ते कळलं. बॅरीची रोजची पट्टी मुळात वर्तमानपत्रासाठी काळ्या-पांढऱ्यातच काढलेली होती. रंगीत फक्त रविवारची. आपल्याकडे आपण जे रंग पाहिले ते बरेचसे नंतर चढवलेले. ते काढून टाकल्यावर चित्र गरीब होत नाही, उलट भरून येतं. काळा रंग कुठे ओतायचा आणि कुठे कागद मोकळा सोडायचा हे या माणसाला फार कळत होतं.

माझ्या मुलाला आता तेच अंक वाचून दाखवते. वेताळाचा मित्र, बांडारांचा मुखिया गुर्रन त्याचा लाडका.

---

छापखाना_जुना

मावशींच्या मुद्द्याला धरून लिहितो. मी आयुष्य छपाईत घालवलं आहे.

वेताळाचा पोशाख आपल्याकडे जांभळा. जांभळी शाई वेगळी नसते, निळ्यावर मॅजेंटा चढवून जांभळा मिळतो. म्हणजे दोन प्लेटी एकमेकींवर तंतोतंत बसायला हव्यात. स्वस्त कागद, वेगात चालणारं मशीन, की रजिस्टर, म्हणजे प्लेटींची जुळणी, हलतं आणि वेताळाच्या खांद्याला गुलाबी कड येते. जुने अंक काढून बघा, सापडेल. अशा छपाईत नाजूक रेघांचा चित्रकार मरतो. बॅरी मरत नाही, कारण त्याची बाह्यरेषा जाड कुंचल्याची आणि सावली भरीव काळी. काळी प्लेट एवढी भक्कम असली की रंग थोडे सरकले तरी आकृती हलत नाही. भिकार कागदावरही वेताळ रुबाबात दिसायचा याचं निम्मं श्रेय या भरीव काळ्याला आहे.

दुसरं, रोजच्या तीन-चार चौकटींच्या आडव्या पट्ट्या पुस्तकाच्या उभ्या पानावर बसवायच्या तर चौकटी कापाव्या लागतात, वाढवाव्या लागतात, फुग्यातला मजकूर मराठीत नव्याने लिहावा लागतो. मराठी ओळ लांब झाली की फुगा फुगतो आणि चित्रावर चढतो. एवढं सोसूनही ती चित्रं टिकली.

---

शाईदौत

माळ्यावरून उतरलो. अंक सापडले, कसर लागली आहे पण आहेत. @छापखाना_जुना, गुलाबी कड आहे!! डाव्या खांद्याला. इतकी वर्षं मला ते सूर्यास्ताचं ऊन वाटत होतं.

---

स्टॉकहोमकर

इथे स्वीडनमध्ये फँटोमेन १९५० पासून निघतं आणि वेताळ निळा आहे. इटली आणि तुर्कस्तानात लाल. फॉकच्या मनात करडा होता, पण १९३९ मध्ये रविवारची रंगीत पट्टी आली तेव्हा जांभळा झाला. इथल्या सहकाऱ्याला जांभळा वेताळ दाखवला तर तो म्हणाला, हा कोण? जेवणाच्या सुट्टीत कडाक्याचं भांडण झालं.

---

जरा_थांबा

सगळे आठवणीत रमले आहेत, पण मला हे लिहिल्यावाचून राहवत नाही. गोरा माणूस, आफ्रिकेतलं जंगल, काळ्या टोळ्या त्याला देवासारखं मानतात, पिढ्यान्‌पिढ्या राज्य त्याच्याच घराण्यात. आज हे वाचताना गळ्याशी येत नाही का? चित्रकाराचं कौतुक करताना तो काय चितारत होता हे विसरायचं का?

---

रानवाटा

@जरा_थांबा, प्रश्न योग्य आहे आणि तो विसरू नये. वेताळाची मांडणीच १९३६ च्या अमेरिकेतली आहे आणि त्यातला गोऱ्या तारणहाराचा भाग मला आज टोचतो.

पण याच प्रश्नामुळे बॅरीचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. साठच्या दशकात आफ्रिकेतले देश स्वतंत्र होत होते, तसं फॉकने गोष्टीतही बदललं. वेताळाचं जंगल ज्या देशात आहे त्या बांगालाला लामांडा लुआगा हा डॉक्टर राष्ट्राध्यक्ष मिळाला. जंगल पॅट्रोल या गस्ती दलात कर्नल वीक्सच्या जागी कर्नल वोरुबू आला. ही माणसं बॅरीने कशी काढली ते बघा. लुआगा थकलेला, विचारी, सुटाबुटातला, चेहऱ्यावर जबाबदारी असलेला माणूस आहे. तो वेताळाशी बोलतो तेव्हा दोघं चौकटीत सारख्या उंचीवर असतात. पूर्वीच्या पट्ट्यांत आफ्रिकी माणूस म्हणजे एकाच साच्यातला जाड ओठांचा चेहरा. बॅरीने प्रत्येकाला स्वतःचा चेहरा दिला. मूळ मांडणी त्याने पुसली नाही, ते त्याच्या हातातही नव्हतं. पण त्याच्या कुंचल्याने त्या माणसांचा मान राखला.

---

जरा_थांबा

हे पटण्यासारखं आहे. लुआगाचे चेहरे पुन्हा काढून बघतो. मांडणीबद्दलचं माझं मत तेच राहील.

---

पेठेतली_मुक्ता

वेताळाच्या डायनाबद्दल, त्याच्या प्रेयसीबद्दल कोणीच बोलत नाही! संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करणारी, पाण्यात सूर मारण्यात पटाईत, संकटात किंचाळून बेशुद्ध न पडणारी नायिका आम्हा मुलींना त्या वयात दुसरीकडे कुठे मिळत होती? बॅरीची डायना विचार करताना दिसते. तिचे कपडे, केस त्या त्या वर्षाच्या फॅशनचे. १९७७ मध्ये तिचं आणि वेताळाचं लग्न झालं आणि १९७९ मध्ये किट आणि हेलॉइज ही जुळी. लग्नाच्या गोष्टीत गुहेत जमलेली गर्दी बघा. एका कोपऱ्यात जादूगार मँड्रेक आणि त्याचा सोबती लोथारसुद्धा पाहुणे म्हणून आहेत. त्या गर्दीतला एकही चेहरा टाकून दिलेला नाही.

---

बहाद्दर_गडी

विषय थोडा वळवतो, रानवाटा माफ करतील. इंद्रजालमध्येच आमचा बहादूर होता! भगवा कुर्ता, जीन्स, चंबळचं खोरं. डाकू भैरवसिंहाचा मुलगा, पण बापाला गोळी घालणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने, विशालने, वाढवलेला. आबिद सुरतींची निर्मिती, १९७६ ची, आणि चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. इंद्रजालच्या सुरुवातीच्या कितीतरी वेताळ-मुखपृष्ठांवरही त्यांचाच हात आहे. आतली चित्रं बॅरीची असोत, दुकानात टांगलेला अंक बघून आपण आईचा पदर ओढायचो तो गोविंद यांच्या मुखपृष्ठासाठी. परदेशी चित्रकाराची आरती करताना त्यांनाही एक दिवा लावा.

---

रानवाटा

@बहाद्दर_गडी, दिवा काय, समई लावू. बॅरीच्या वेताळाला आपल्या ऊन-पावसाचे रंग त्या मुखपृष्ठांनीच दिले.

---

कर्वेरोडकर

वळलोच आहोत तर आमच्या पुण्याच्या प्रताप मुळीकांचं नाव घेतल्याशिवाय परत फिरायचं नाही. अमर चित्र कथेचे किती अंक त्यांनी काढले, आणि ऐंशीच्या दशकात राज कॉमिक्सच्या नागराजला पहिलं रूप दिलं तेही त्यांनीच. अमिताभ बच्चनला नायक करून निघालेला सुप्रीमोही त्यांचाच. हिंदी पट्ट्यातली पोरं ज्या नागराजवर जीव टाकायची तो एका मराठी माणसाच्या कुंचल्यातून आला होता. जलरंगांचे मिलिंद मुळीक हे त्यांचे चिरंजीव, म्हणजे घराण्यातच रंग.

---

मेलबर्नची_मावशी

आणि राम वाईरकर! अमर चित्र कथेतला कृष्ण त्यांचा आणि टिंकलमधला सुपंडीही त्यांचाच. एकच हात इतका लोभस बाळकृष्ण काढतो आणि तोच सुपंडीची ती तिरपी चालही काढतो. लोकहो, वाईरकरांवर स्वतंत्र धागा हवाच.

---

तिरकी_रेघ

परत वेताळाकडे येतो आणि एक काडी टाकतो. बॅरी बॅरी करताय, पण तो एकटा काढत होता का? जॉर्ज ओलेसन वर्षानुवर्षं त्याच्यासाठी पेन्सिलचं काम करत होता. आंद्रे लब्लाँनेही मदत केली. सत्तर-ऐंशीच्या दशकातली जी चित्रं तुमच्या डोक्यात आहेत त्यांची मूळ रचना ओलेसनची असू शकते. मग श्रेय कोणाचं?

---

जलरंगी_सर

मी शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून यावर लिहितो.

रोज एक पट्टी आणि रविवारचं रंगीत पान, वर्षाचे बारा महिने, हे एकट्या माणसाचं काम नाही. मदतनीस ठेवणं ही त्या धंद्यातली रीत होती. बॅरी स्वतः आधी मोठा भाऊ डॅन बॅरी याच्या हाताखाली शिकला. हाच डॅन पुढे फ्लॅश गॉर्डन काढायचा, म्हणजे इंद्रजालच्या एका अंकात धाकटा भाऊ आणि पुढच्या अंकात थोरला अशीही गाठ पडायची. साय बॅरीने कॉमिक्सच्या कंपन्यांत शाई चढवण्याचं काम वर्षानुवर्षं केलं होतं. त्याची खरी ताकद तिथे आहे.

पेन्सिलीत आकृती कुठे उभी आहे ते ठरतं. ती जिवंत आहे की नाही ते शाईत ठरतं. कुंचल्याची रेघ एका टोकाला केसासारखी सुरू होते, स्नायूच्या फुगीर भागावर जाड होते, पुन्हा बारीक होऊन संपते. ही एका दमात ओढावी लागते, थांबलं की डाग. वेताळाच्या पाठीवरची रेघ बघा, कुठेही जोड नाही. कापडाच्या घड्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या ओढीने पडतात, मनाने नाही. झाडाच्या सालीवर कुंचला कोरडा करून खरखरीत फिरवलेला आहे आणि तोच कुंचला डायनाच्या गालाजवळ जवळजवळ कागदाला लागतच नाही. ओलेसनला त्याचं श्रेय द्यायलाच हवं. १९९४ नंतर त्याने कीथ विल्यम्सबरोबर रोजची पट्टी पुढे चालवलीही. पण त्या पट्ट्या आणि आधीच्या पट्ट्या शेजारी ठेवा. पेन्सिल तीच, चित्र वेगळं. जो फरक दिसतो तो बॅरीचा हात.

आठवी-नववीच्या मुलांना मी कधीकधी वेताळाचं चित्र देतो आणि सांगतो, यातला फक्त काळा भाग दुसऱ्या कागदावर उतरवा, बाह्यरेषा काढायची नाही. मुलांना वाटतं ठिपक्याठिपक्यांचा गोंधळ होईल. कागद लांब धरला की घोड्यावरचा माणूस दिसायला लागतो. वर्गात आवाज उठतो. वेताळ कोण हे त्यातल्या बऱ्याच मुलांना माहीतही नसतं.

---

सोलापुरी_चादर

सर, हे आत्ता करून बघितलं. घोडा आला. माणूस आला. माझ्या पोरीने विचारलं, बाबा हा कोण? आता रात्रभर गोष्ट सांगावी लागणार. १५३६ पासून सुरुवात करतो, समुद्रकिनारा, चाचे आणि कवटीवर घेतलेली शपथ.

---

शाईदौत

पोरीला अंगठ्यांचं नीट सांगा बरं का. उजव्या हातात कवटीची, ती गुंडांच्या जबड्यासाठी. डाव्या हातात शुभचिन्हाची, ती ज्यांचं रक्षण करायचं त्यांच्यासाठी. आम्ही बॉलपेनने दोन्ही खुणा स्वतःच्याच हातावर काढायचो, त्यामुळे कोण गुंड आणि कोण मित्र याचा पत्ता लागायचा नाही.

---

तिरकी_रेघ

@जलरंगी_सर, काडी विझली. शाईचा मुद्दा मान्य. दोन पट्ट्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि फरक डोळ्यांत भरतो.

मॅक्कॉयवरचं प्रेम तरीही तसूभर कमी होणार नाही.

---

रानवाटा

@तिरकी_रेघ, होऊही नये. मॅक्कॉयवर तुम्ही धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. मावशी, वाईरकरांचा तुमच्याकडे लागला.

@जलरंगी_सर, तुमचा प्रतिसाद मी उतरवून ठेवला आहे. मूर, मॅक्कॉय आणि बॅरी यांनी काढलेलं कवटीचं सिंहासन, तिघांची एकेक चौकट, असं पुढच्या भागात शेजारी शेजारी ठेवून लिहायचा विचार आहे. त्यातला शाईचा भाग तुम्ही लिहाल का? आणि @छापखाना_जुना, त्याच चौकटी मराठी इंद्रजालमध्ये कशा छापल्या गेल्या ते तुमच्याकडून हवं. ज्यांच्याकडे साठच्या दशकातले मराठी अंक आहेत त्यांनी इथेच कळवा. पान फाटकं असलं तरी चालेल, सिंहासन दिसायला हवं.

---

शाईदौत

माझ्याकडे आहे. अर्धं सिंहासन कसरीने खाल्लंय, पण वेताळ शाबूत आहे.